मारात मुक्काम: रिझर्व्हच्या आत की मसाईंच्या जमिनीवर?

केनियाची सहल ठरली की आपल्याकडची मंडळी पहिल्यांदा तारखांवर घोळ घालतात. जुलै घ्यावा की ऑगस्ट, गणपतीच्या आत परत यायला जमेल का, वगैरे. मुक्काम कुठे, हे मात्र टूरवाल्यावर सोपवून मोकळे होतात. खरं तर घासाघीस तिथे करायला हवी, कारण ‘मसाई मारा’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळे व्यवहार चालतात.

पहिला रिझर्व्हचा. सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं हे जंगल नारोक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारच्या ताब्यात आहे. दुसरा व्यवहार रिझर्व्हच्या उत्तरेला आणि पूर्वेला पसरलेल्या कन्झर्व्हन्सींचा. तिथली जमीन गुरं पाळणाऱ्या मसाई जमातीतल्या कुटुंबांच्या मालकीची. पूर्वी ती सामाईक चराऊ रानं होती. पुढे वाटण्या झाल्या आणि ज्याला त्याला आपापला सातबारा मिळाला (तिथे त्याला टायटल डीड म्हणतात). सातबारा हातात आल्यावर काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको: कुंपणं, तुकडे, विक्री. ते थोपवायला शेजारच्या मालकांनी जमिनी एकत्र करून कॅम्पवाल्यांना लांब मुदतीच्या भाड्याने दिल्या. हीच कन्झर्व्हन्सी. ओलारे ओरोक नावाची २००६ मध्ये सुरू झाली, नाबोइशो २०१० मध्ये. मसाईंच्या मा भाषेत नाबोइशोचा अर्थच मुळी ‘एकत्र येणं’.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती भाड्याची पद्धत. एकराचा दर ठरलेला, पैसे नियमित, थेट मालकाच्या खात्यात. तंबू भरले काय नि रिकामे राहिले काय, हिशेब तोच. गवत तसंच ठेवून घरात पैसा येत असेल तर कुंपण घालायची घाई कोण करेल? कुंपण नसलं की झेब्रे, हत्ती, वाइल्डबीस्ट मोकळे फिरतात. रिझर्व्हची हद्द त्यांना कुणी दाखवलेली नसते.

रिझर्व्हमध्ये आपला पैसा प्रवेशशुल्कातून काउंटीकडे जातो. परदेशी पाहुण्याला २०२४ च्या दरानुसार जानेवारी ते जून माणशी दिवसाला १०० डॉलर, जुलैपासून डिसेंबरपर्यंत २००. तिथून तो पैसा खेड्यापर्यंत किती नि कधी पोचतो, हा रस्ता लांबचा. अर्थात रिझर्व्हला सरसकट नावं ठेवणंही बरोबर नाही. रिझर्व्हमधलाच, मारा नदीच्या पश्चिमेचा मारा ट्रँगल २००१ पासून एक ना-नफा संस्था सांभाळते, आणि तिथले रस्ते, गस्त, चोरट्या शिकाऱ्यांचे फासे काढण्याचं काम यांचं नाव चांगलं आहे. या संस्थेचं नाव नेमकं ‘मारा कन्झर्व्हन्सी’ असल्यामुळे बुकिंग करताना हमखास गल्लत होते. ती मसाई मालकांची कन्झर्व्हन्सी नव्हे.

आता रोजगार. स्थानिक माणसं दोन्हीकडे कामाला असतात, पण कुठल्या कामाला ते बघा. आमचा पहिला मुक्काम रिझर्व्हच्या वेशीवरच्या एका मोठ्या लॉजवर होता. तिथे मसाई दिसले ते दारावर राखणीला आणि रात्री जेवणानंतर नाचायला. कन्झर्व्हन्सीतल्या कॅम्पवर गाइड मसाई होता, व्यवस्थापकही. नाबोइशोच्या जागेत २००५ पासून, म्हणजे कन्झर्व्हन्सी व्हायच्या आधीपासून, कोयाकी गाइडिंग स्कूल आहे, आसपासची मुलं तिथे शिकून निघतात. गाइडच्या शर्टावरचा बिल्ला बघा: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. परीक्षा देऊन मिळवलेला असतो तो.

एका संध्याकाळी या गाइडने गाडी थांबवली, तीही सिंहासाठी नाही. समोरून गुरं घरी चालली होती, गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, धुळीत पोरगं काठी खांद्यावर आडवी टाकून मागे. गाइडच्याच घरचा कळप. “किती आहेत?” मी विचारलं. तो हसला. मसाई माणूस गुरं मोजून सांगत नाही. ती पांढरी, ती कपाळावर ठिपका असलेली, असं ओळखतो. वडिलांच्या जमिनीचं भाडं आणि याचा पगार, दोन्ही येतात, आणि ठरवून दिलेल्या पट्ट्यांत गुरंही चरतात.

हे सगळं गोड चित्र नाही. जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर, त्यामुळे भाडंही त्यांच्याच हाती. ज्याला जमीनच नाही त्याला भाडं कुठलं? २०२० मध्ये कोविडने पर्यटन बंद पडलं तेव्हा या ठरलेल्या भाड्यालाही कात्री लागली. सगळी अंडी एका टोपलीत, हा धोका तिथे आहेच.

पाहणं म्हणाल तर वाइल्डबीस्ट नदी ओलांडतात तो प्रसिद्ध देखावा रिझर्व्हमध्येच. तो हवा असेल तर आत जावंच लागेल, आणि गर्दीची तयारी ठेवा. आम्ही एका चित्त्याभोवती बावीस गाड्या मोजल्या; ताडोब्यात एप्रिलमध्ये वाघ रस्त्यावर आला की होतं तेच. कन्झर्व्हन्सीत एका प्राण्यापाशी साधारण पाचच गाड्या. नाबोइशोत साडेतीनशे एकरांमागे एक तंबू, हा नियम आहे. रात्रीची सफारी, पायी फिरणं फक्त इथे. पैसे मात्र जास्त पडतात, आणि त्यात मला गैर काही वाटत नाही.

चार रात्री असतील तर माझा कौल: आधी दोन ट्रँगलमध्ये किंवा त्याच्या जवळ, मग दोन कन्झर्व्हन्सीत. बजेट ताणलेलं असेल, बरोबर सासूबाई-सासरे असतील आणि नदीचा देखावा बघायचाच असेल, तर सरळ रिझर्व्ह घ्या, मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्यांदा जाताय? मग कन्झर्व्हन्सीच.

टूरवाल्याला विचारायचं ते असं: कॅम्प नक्की कुठल्या कन्झर्व्हन्सीत आहे? (‘मारा भागात’ हे उत्तर चालणार नाही.) एकरी भाडं कोण भरतं? गाइड कुठल्या गावचा? कन्झर्व्हन्सीतून दिवसभरासाठी रिझर्व्हमध्ये गेलो तर त्याचं शुल्क पॅकेजमध्ये धरलंय का? बहुधा धरलेलं नसतं. आणि स्टीलची बाटली बरोबर ठेवा. प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांना केनियाच्या अभयारण्यांत २०२० पासून बंदी आहे.