सगळ्यांची चाचणी की फक्त लक्षणं असणाऱ्यांची?

विषाणूची साथ पसरू लागली की शहराच्या आरोग्य विभागात, वसतिगृहात, कारखान्यात कुणाला तरी हा निर्णय घ्यावाच लागतो. ताप-खोकला असलेल्यांनाच तपासायचं, की धडधाकट दिसणाऱ्यांनाही? निर्णय तुमच्यावर आला असेल, तर दोन्ही वाटा नीट पाहून घ्या.

लक्षणं पाहून चाचणी केली की किट कमी लागतात आणि ज्याला उपचारांची गरज आहे त्याचं निदान आधी होतं. साधनं तुटपुंजी असताना हाच मार्ग योग्य. काही रोगांत तो पुरतोही. २००३ च्या सार्स या श्वसनाच्या आजारात रुग्ण मुख्यतः आजारी पडल्यावरच संसर्ग पसरवत होते, त्यामुळे आजाऱ्यांना वेगळं काढून ती साथ आटोक्यात आणता आली.

कोविडमध्ये तसं झालं नाही. इटलीतल्या व्हो या सुमारे सव्वातीन हजार वस्तीच्या गावात २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बहुतेक सगळ्यांची दोनदा तपासणी झाली. बाधितांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांना कसलंच लक्षण नव्हतं. फक्त आजाऱ्यांनाच तपासलं असतं, तर ही माणसं कधीच सापडली नसती. गाव बंद ठेवून बाधितांना वेगळं केल्यावर दुसऱ्या फेरीपर्यंत बाधितांचं प्रमाण २.६ वरून १.२ टक्क्यांवर आलं. व्यापक चाचणीचं खरं मोल इथे आहे. लक्षणांआधीच पसरणाऱ्या रोगात ती नसेल, तर आपण साथीच्या मागेच धावत राहतो.

पण सरसकट चाचणीचा एक धोका फार कमी लोक लक्षात घेतात. समजा, एक लाख लोकांत खरे बाधित १०० आहेत. हाताशी असलेली अँटिजेन चाचणी, म्हणजे विषाणूची प्रथिनं शोधणारी झटपट चाचणी, १०० बाधितांपैकी ६० जणांना पकडते आणि निरोगी माणसांत शंभरात एकाला चुकून बाधित ठरवते. मग खरे बाधित सापडतील ६०, आणि विनाकारण बाधित ठरतील जवळपास हजार! त्याच लाखात ५,००० बाधित असतील, तर ३,००० खरे सापडतात आणि चुकीचे साधारण साडेनऊशे. चाचणी तीच, पण साथ किती पसरली आहे त्यावर तिच्या निकालाचा अर्थ बदलतो. म्हणून रोग विरळ असताना अँटिजेनमध्ये बाधित आलेल्या प्रत्येकाची आरटी-पीसीआरने, म्हणजे विषाणूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने, खातरजमा करावी.

आरटी-पीसीआर अधिक अचूक, हे खरं. पण तिचा अहवाल चार दिवसांनी हाती आला, तर तोवर माणसाने घरच्यांना संसर्ग दिलेला असतो. शिवाय संसर्ग देण्याची क्षमता संपल्यावरही ती कित्येक दिवस बाधित दाखवू शकते. साखळी तोडायची असेल, तर अर्ध्या तासात निकाल देणारी आणि पुन्हा पुन्हा करता येणारी चाचणी मला जास्त उपयोगाची वाटते.

पुन्हा पुन्हा करणं महत्त्वाचं, कारण एकदाच तपासून साथ संपत नाही. स्लोव्हाकियाने ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२० या दोन दिवसांत ३६ लाखांहून अधिक लोकांची अँटिजेन चाचणी केली आणि सुमारे ३८ हजार बाधित शोधले. ज्या भागांत आठवड्याने दुसरी फेरी झाली, तिथे बाधितांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं. सोबत निर्बंधही होते, त्यामुळे सगळं श्रेय चाचण्यांना देता येत नाही. पुढे डिसेंबरमध्ये रुग्ण पुन्हा वाढले.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. बाधित ठरल्यावर मजुरी बुडणार असेल, तर माणूस चाचणीलाच येणार नाही. विलगीकरणातल्या माणसाचं जेवण, औषध आणि पगार यांची सोय नसेल, तर किटवरचा खर्च वाया गेला असं समजा.

तेव्हा किट मोजकेच असतील, तर लक्षणं असणारे आणि बाधितांच्या संपर्कातले लोक आधी तपासा. त्यानंतर रुग्णालयांतले आणि वृद्धाश्रमांतले कर्मचारी, लक्षणं असोत-नसोत, ठरावीक दिवसांनी तपासत राहा. केलेल्या चाचण्यांत बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाऊ लागलं, तर बरेच रुग्ण नजरेतून सुटत आहेत असं धरून आवाका वाढवा. प्रयोगशाळेत नमुने साचून अहवाल रखडू लागले, तर मात्र सरसकट तपासणी थांबवा आणि ती क्षमता आजाऱ्यांकडे वळवा.