पीजी-रिस्टोर: एका कापूस हंगामानंतर

वणी-मारेगाव भागातल्या एका जिनिंगवर काटा आणि हिशेब माझ्याकडे आहे. गाडीचं भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव, चुकारा, सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. दिवाळीपासून रोज रात्री पीजी-डंपची (पोस्टग्रेसचा बॅकअप काढणारा प्रोग्रॅम) फाइल पेनड्राइव्हवर घेतो. बॅकअपबद्दल तक्रार नाही.

ती फाइल परत डेटाबेसात भरणाऱ्या पीजी-रिस्टोरची गोष्ट वेगळी. डिसेंबरात लाईन गेली, यूपीएसनं मान टाकली आणि काट्याच्या पीसीची डिस्क बसली. ऑफिसच्या पीसीवर दिवाळीत ट्रायलसाठी टाकलेला डेटाबेस पडून होता, त्यावरच रिस्टोर लावलं. ‘रिलेशन ऑलरेडी एक्झिस्ट्स’ (म्हणजे टेबल आधीच आहे) अशा ओळींवर ओळी सरकल्या, शेवटी ‘एरर्स इग्नोर्ड ऑन रिस्टोर’ आणि दुर्लक्ष केलेल्या चुकांचा आकडा. बाहेर गाड्यांची रांग, वाचतो कोण? पुढच्या पावतीचा नंबर बरोबर आला, म्हटलं जमलं.

दोन दिवसांनी एक काका पावती घेऊन चुकाऱ्याला आले. नोंदच नाही! झालं असं, की जुन्या टेबलात आधीच असलेला पावती नंबर पुन्हा येताच त्या टेबलाची अख्खी कॉपी नाकारली गेली. एका ओळीपायी सगळ्या ओळी गेल्या. नंबर पुढे नेणारा सीक्वेन्स मात्र वेगळा भरला जातो, तो नीट बसला. त्यानंच मला गंडवलं.

पेनड्राइव्ह शाबूत होता म्हणून निभावलं. नवा रिकामा डेटाबेस, ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ पर्याय, सोबत ‘नो-ओनर’ (टेबलांचा जुना मालक लावू नको), कारण जुन्या पीसीवरचा युजर इथे नव्हता. आता पहिल्याच चुकीला काम थांबतं आणि अर्धवट काही उरत नाही. मधल्या दोन दिवसांच्या पावत्या कार्बन कॉपीवरून हातानं चढवल्या. ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’सोबत काम वाटून एकाच वेळी अनेक जॉब चालवता येत नाहीत. आमच्या एवढ्याशा डेटाला त्याचं काय!

आणखी एक. फाइल ठीक आहे का हे बघायला मी आधी पीजी-रिस्टोरनं फाइलमध्ये काय-काय आहे याची नुसती यादी काढायचो. मी वापरतो त्या पीजी-डंपच्या कस्टम फॉरमॅटमध्ये यादी फाइलच्या सुरुवातीलाच असते, त्यामुळे पेनड्राइव्ह घाईत उपसून अर्धी राहिलेली फाइलही यादी झकास दाखवते. आता दर शनिवारी खरंच रिस्टोर करतो आणि शेवटची पावती कार्बन कॉपीशी ताडतो.

पाचपैकी चार तारे. चूक झाली तरी पुढे जात राहणं हीच मूळ सवय ठेवलीय, तिचा एक कापला.