अहिराणी मजकूर तपासायचाय: पेजमेकर, इनडिझाइन की स्क्रायबस?

जळगाव-धुळे-नंदुरबारकडे दिवाळी अंक, स्मरणिका, अहिराणी कवितांची पुस्तकं लावणारे काही जण अजून पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवरच आहेत. आता बदलायचं तर त्याच कामाचं, वर्गणी भरून वापरायचं इनडिझाइन घ्यावं की फुकटातलं स्क्रायबस? मी तुलना एकाच गोष्टीवरून करतोय: मजकूर दुरुस्त करायची वेगळी खिडकी, म्हणजे स्टोरी एडिटर, आपल्या डोळ्यांना सोयीची करता येते का?

अहिराणीच्या कामात माझ्या मते यावरच सगळं अडतं. कवीने ‘मन्हा’ लिहिलंय आणि कंपोज करताना ‘मना’ पडलं, तर सांगणारा शब्दकोश नाही. ते डोळ्यानेच पकडायचं, आणि बारीक अक्षरात ‘न्ह’मधला अर्धा न सहज निसटतो. या खिडकीत अक्षर कितीही मोठं केलं तरी छापायच्या पानावर काहीच बदलत नाही, म्हणून इथे कंजुषी नको. अठरा पॉइंट ठेवा.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7.0, 2001 सालची. कंट्रोल-ई दाबलं की स्टोरी एडिटर उघडतो. प्रेफरन्सेसमध्ये त्याचा फॉन्ट आणि आकार बदलता येतो, स्टाइलची नावं आणि परिच्छेदाच्या खुणा दाखवता येतात. पण युनिकोड, म्हणजे मोबाइल-इंटरनेटवर सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, त्यात चालत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली कविता आधी कन्व्हर्टरमधून काढावी लागते आणि नेमकी जोडाक्षरं तिथेच बिघडू शकतात. जुन्या फायली उघडण्यापुरता तो राहू द्या.

इनडिझाइनमध्ये कंट्रोल-वाय. प्रेफरन्सेसमधल्या ‘स्टोरी एडिटर डिस्प्ले’मध्ये फॉन्ट, आकार, ओळींमधलं अंतर, अक्षराचा व पार्श्वभूमीचा रंग, कर्सरची जाडी, सगळं हातात आहे. सगळ्यात उपयोगी ओळींचं अंतर. देवनागरीत वर वेलांटी-रफार, खाली उकार. एकेरी अंतरात ते एकमेकांना भिडल्यासारखे वाटतात. दीडपट केलं की उकार सुटा दिसतो. रंगांच्या तयार थीमही आहेत. काळ्या पार्श्वभूमीची ‘टर्मिनल’ थीम मला दिवसा त्रासदायक वाटते. दुकानाच्या दारातून एप्रिल-मेचं ऊन आत येत असेल तर फिकट पार्श्वभूमीवर काळी अक्षरंच बरी.

एक अडचण मात्र आधीच समजून घ्या. पानावर कितीही फॉन्ट असोत, या खिडकीसाठी फॉन्ट एकच निवडायचा असतो आणि मुळात ठरवलेला फॉन्ट रोमन असतो. मजकूर युनिकोड असेल तर निर्मला यूआयसारखा देवनागरी फॉन्ट निवडा. श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतीचा असेल तर त्याच घराण्यातला फॉन्ट द्यावा लागतो, नाहीतर रोमन अक्षरांचा गिचमिड काला दिसतो. आणि तो फॉन्ट दिला की मधलं इंग्रजी वाचता येत नाही. पानावर युनिकोड जोडाक्षरं तुटत असतील तर वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी इनडिझाइनमधली सोय) लावलाय का, ते बघा. चौकटीत न मावलेला मजकूर या खिडकीत लाल रेघेने कळतो. अंकाची शेवटची पानं लावताना ही रेघ फार कामाची.

स्क्रायबसमध्ये कंट्रोल-टी. तिथल्या सेटिंग्ज मेन्यूत दाखवायचा फॉन्ट आणि पार्श्वभूमीचा रंग बदलतो. ओळींच्या अंतराची सोय नाही. दुरुस्ती केली की ‘अपडेट’ केल्याशिवाय ती पानावर जात नाही, तर इनडिझाइनमध्ये ती लगेच दिसते. घेतलंत तर 2024 मध्ये आलेली 1.6 घ्या. जुन्या 1.4 मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नाहीत.

वर्षभर काम असेल, ठिकठिकाणच्या लेखकांचा मजकूर येत असेल, तर इनडिझाइनचं वर्गणीचं ओझं परवडतं. वर्षाला एखाद-दुसरं पुस्तक आणि सगळा मजकूर युनिकोडच, तर स्क्रायबस पुरतं. अक्षर मोठं करा आणि ओळी दाट दिसतात तिथे प्रूफ छापून एकदा वाचा. श्री-लिपीतला जुना साठा मोठा असेल तर कोणतंही घेण्याआधी त्यातलं एक प्रकरण युनिकोडमध्ये बदलून बघा, आणि ‘न्ह’, ‘ऱ्ह’ असलेले शब्द मूळ प्रतीशी एकेक करून ताडा.