पस्तावलेल्या सौद्यांची खातेवही : ट्रान्सफरमार्क्ट

फुटबॉल खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणारे ट्रान्सफरमार्क्ट हे जर्मन संकेतस्थळ २००० साली सुरू झाले आणि आज या विषयावर बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचाच आधार घेतो. ज्याला सोडायला नको होते त्याला सोडणे, ज्याला घ्यायला नको होते त्याच्यापायी तिजोरी रिकामी करणे, अशा क्लबांच्या चुकलेल्या निर्णयांचा मागोवा घेणे हा माझा अनेक वर्षांचा छंद असल्यामुळे हे संकेतस्थळ माझ्याकडून रोज उघडले जाते. त्या एका कामासाठी ते कितपत विश्वासाचे आहे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. सामन्यांचे निकाल, अफवांचे सदर वगैरे बाकीच्या गोष्टी तिथे आहेत, पण त्या इतरत्रही मिळतात.

प्रत्येक खेळाडूच्या पानावर त्याने बदललेल्या क्लबांचा एक तक्ता असतो. हंगाम, तारीख, सोडलेला क्लब, नवा क्लब, त्या वेळचे अंदाजित बाजारमूल्य आणि शेवटी मोजलेली किंमत असे त्याचे रकाने आहेत. बहुतेकांची नजर थेट शेवटच्या रकान्यावर जाते. माझ्या मते मात्र या संपूर्ण सेवेचे मोल त्याच्या आधीच्या, बाजारमूल्याच्या रकान्यात आहे. एखादा निर्णय चुकला हे दहा वर्षांनंतर कोणीही सांगू शकतो, परंतु निर्णय घेतला त्या दिवशी त्या खेळाडूविषयी लोकांचे मत काय होते, हे नंतर आठवून सांगता येत नाही, कारण तोवर प्रत्येकाला ‘मला आधीच ठाऊक होते’ असे प्रामाणिकपणे वाटू लागलेले असते. तो अंदाज त्या वेळीच लिहून ठेवला गेला आणि पुढे पुसला गेला नाही, हे या संकेतस्थळाचे खरे काम.

पॉल पोग्बाचे पान उघडून पाहावे. २०१२ च्या उन्हाळ्यात करार संपल्यामुळे तो मँचेस्टर युनायटेडमधून युव्हेंटसकडे जवळजवळ फुकट गेला. चार वर्षांनी त्याच दोन क्लबांची नावे उलट क्रमाने येतात आणि त्यांच्यापुढे १० कोटी ५० लाख युरो हा तेव्हाचा जागतिक विक्रमी आकडा दिसतो. २०२२ मध्ये नावे पुन्हा पहिल्या क्रमाने आणि खेळाडू पुन्हा फुकट. तीन ओळींत दहा वर्षांचा पस्तावा मावतो. तरीही २०१२ चा निर्णय मी अक्षम्य मानत नाही. त्या वेळी पोग्बा १९ वर्षांचा होता, युनायटेडकडून तो लीगचे अवघे तीन सामने खेळला होता आणि त्याचे अंदाजित मूल्यही मामुली होते. शिवाय त्याच हंगामात क्लबने निवृत्त झालेल्या पॉल स्कोल्सला मैदानावर परत आणले होते, त्यामुळे तरुण मुलाला आपले इथे काय होणार, असा प्रश्न पडणे साहजिक होते. २०१६ मध्ये मोजलेली किंमत मात्र तेव्हाच्या अंदाजित मूल्याच्या बरीच वर होती. मला पस्तावा दिसतो तो त्या दोन आकड्यांमधल्या अंतरात.

हे मूल्य येते कुठून, हे वापरणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवे. ते कुठल्या सूत्रातून आपोआप निघत नाही. नोंदणीकृत सदस्य वय, कामगिरी, कराराची उरलेली मुदत, लीगचा दर्जा यांवर कारणे देऊन वाद घालतात आणि जबाबदारी सोपवलेली माणसे त्यातून आकडा ठरवतात. म्हणून ते जाणकारांच्या घोळक्याचे मत आहे, कोणी खिशातून काढलेले पैसे नव्हेत. ‘त्याची किंमत एवढी आहे’ असे हे आकडे सर्रास सांगितले जातात, तेव्हा मला मनापासून खंत वाटते, कारण ज्या गोष्टीसाठी ते बनले त्यासाठी ते उत्तम आहेत.

सर्वात जास्त वेळ मी घालवला आहे तो फिलिप कुटिन्होच्या पानावर. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नेमार २२ कोटी २० लाख युरोंना बार्सिलोनातून पॅरिसच्या पॅरिस सेंट-जर्मेन क्लबला गेला आणि बार्सिलोनाच्या हातात प्रचंड पैसा आला. तो पैसा आहे हे सगळ्या जगाला माहीत असल्यामुळे विकणाऱ्यांनी भाव चढवले नसते तरच नवल. २०१८ च्या जानेवारीत कुटिन्हो लिव्हरपूलमधून आला, ठरलेले १२ कोटी आणि अटींवर अवलंबून आणखी ४ कोटी युरोंना. दीड वर्षात त्याला बायर्न म्युनिककडे लोनवर, म्हणजे करार कायम ठेवून तात्पुरते, पाठवले गेले. १४ ऑगस्ट २०२० रोजी लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात बायर्नने बार्सिलोनाला ८-२ असे हरवले. ७५ व्या मिनिटाला बदली खेळाडू म्हणून आलेल्या कुटिन्होने एक गोल करून दिला आणि दोन स्वतः केले, तेही ज्या क्लबशी त्याचा करार होता त्याच क्लबवर. आलेखात त्याच्या मूल्याची रेषा बार्सिलोनात आल्यानंतर लवकरच वळते आणि मग उतरतच जाते. तेवढ्यावर न थांबता शेजारी लिव्हरपूलचे पान उघडावे, हा माझा आग्रह आहे. त्याच जानेवारीत साडेसात कोटी पौंडांना व्हर्जिल व्हॅन डाइक आला, उन्हाळ्यात गोलरक्षक अॅलिसन आला, आणि २०१९ मध्ये लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीच्या परतीच्या सामन्यात याच बार्सिलोनाला ४-० ने बाहेर काढून पुढे चषकही जिंकला. प्रत्येक क्लबची हंगामवार जमा-खर्चाची पाने एकमेकांना जोडलेली असल्यामुळे एकाची चूक दुसऱ्याची इमारत कशी झाली, हे ताडून पाहायला काही मिनिटे पुरतात.

याच जमा-खर्चात एक फसवी जागाही आहे. २०१४ च्या जानेवारीत चेल्सीने केव्हिन डी ब्रॉयनला वोल्फ्सबर्गला विकले. ज्या रकमेला त्याला घेतले होते तिच्या दुपटीहून अधिक पैसे आले, म्हणजे खातेवहीत हा घसघशीत नफा आहे. त्याच महिन्यात मोहम्मद सलाह चेल्सीत दाखल झाला, फारसा न खेळता फियोरेन्टिना आणि रोमाला लोनवर गेला आणि अखेर रोमालाच विकला गेला. पुढे डी ब्रॉयन मँचेस्टर सिटीचा कणा झाला आणि सलाहने लिव्हरपूलकडून २०१७-१८ च्या पहिल्याच हंगामात लीगमध्ये ३२ गोल केले. किंमतीच्या रकान्यात यातले काहीच दिसत नाही. केवळ तो रकाना वाचून क्लबांना शहाणे किंवा मूर्ख ठरवणाऱ्याला डी ब्रॉयनची विक्री हुशारी वाटेल.

मोठी उणीव पगाराची आहे. २०१८ च्या जानेवारीत अॅलेक्सिस सांचेझ आर्सेनलमधून मँचेस्टर युनायटेडला आला, बदल्यात हेन्रिक मिखितर्यान तिकडे गेला. अदलाबदल असल्यामुळे सौदा कागदावर स्वस्त वाटतो. परंतु सांचेझचा पगार एवढा अवाढव्य होता की ४५ सामन्यांत पाच गोल झाल्यावर त्याला इंटर मिलानकडे लोनवर पाठवतानाही त्यातला वाटा युनायटेडलाच उचलावा लागला, आणि २०२० मध्ये त्याला फुकट सोडावे लागले. संघातल्या इतरांच्या पगाराच्या अपेक्षा अशा एका करारामुळे चढतात, ते नुकसान तर कोणत्याच रकान्यात बसणारे नाही. पगाराचे खात्रीचे आकडे क्लब जाहीर करत नाहीत, हे मला मान्य आहे. तरी अशा सौद्यांवर एखादी ठळक टीप हवी होती. फुकट गेलेल्या खेळाडूंचेही तसेच. २०११ मध्ये एसी मिलानने ३२ वर्षांच्या आंद्रेआ पिर्लोचा करार संपू दिला, तो युव्हेंटसला गेला आणि तिथे सलग चार विजेतेपदांत खेळला. वाचणाऱ्याला तिथे फक्त ‘फुकट’ एवढा शब्द भेटतो.

दुखापतींचे वेगळे पान आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. कोणती दुखापत, किती दिवस, किती सामने हुकले, हे तिथे तारखांसह असते, आणि ‘वाया गेलेला खेळाडू’ असा शिक्का मारण्यापूर्वी मी ते पान न चुकता पाहतो. उस्मान डेम्बेलेला बार्सिलोनाने २०१७ मध्ये १० कोटी ५० लाख युरो आणि अटींवर अवलंबून आणखी रक्कम या बोलीवर डॉर्टमुंडकडून घेतले. सप्टेंबरमध्येच गेटाफेविरुद्ध त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि तो काही महिने बाहेर बसला. त्यानंतरची यादी लांबत जाते आणि ती वाचताना क्लबच्या निवडीपेक्षा त्या मुलाच्या नशिबाचे वाईट वाटते. २०२३ मध्ये करारातल्या मुक्तता-कलमाच्या (ठरलेली रक्कम मोजली की खेळाडू सोडावाच लागतो, अशी अट) आधारे तो ५ कोटी युरोंना पॅरिसला गेला, तेव्हा घेतलेला निर्णय चुकल्याची नोंद बहुतेकांनी मनात पक्की केली होती. २०२५ मध्ये त्याने पॅरिसबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकली आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा बॅलन डी'ओरही पटकावला. बार्सिलोनाने पस्तावायचे ते त्याला घेतल्याबद्दल की जाऊ दिल्याबद्दल, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्याच्या पानावरचा आलेख मी दर नव्या मूल्यांकनानंतर पुन्हा पाहतो.