बिल ३७० लिटरचं, चाकात निघालं २००

नांगर जमिनीत उतरला की माझ्या ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी माती उकरत बसायची. मोजून पाहिलं. टायरला खडूने खूण केली आणि नांगर वर उचलून चाकाचे १० फेरे चालवले, अंतर भरलं ३९ मीटर. नांगर लावून तेच १० फेरे ३१ मीटरवर संपले. म्हणजे घसरण २० टक्के. शेतात १० ते १५ टक्के घसरण चालते, त्याच्या पुढे गेली की डिझेलही जातं आणि टायरची नक्षीही. चाकांवर वजन हवं होतं, हे माझं खरंच होतं. चुकलं ते पुढे.

वजन वाढवायला ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी भरतात. टायरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, साधं पाणी काय भरता? आमच्याकडे खास लिक्विड आहे. पाण्याच्या दीडपट जड, आणि रिमला गंज चढू देत नाही." तिथेच उठून यायला हवं होतं. चाकात भरायला वापरतात त्यातलं जड म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचं पाणी, आणि तेही घट्ट केलं तरी लिटरला साधारण १३०० ग्रॅमपर्यंतच जातं. शिवाय ते लोखंड खातं. गंज न चढवणारा बीटच्या रसाचा द्रवही मिळतो, पण त्याचंही वजन तेवढंच. दीडपट हा आकडा त्याने कुठून आणला हे त्यालाच ठाऊक. हे सगळं मी नंतर शिकलो. तेव्हा नुसती मान डोलावली.

टायर १३.६-२८, ट्यूबवाले, साधे नायलॉनचे. अशा एका टायरमध्ये पाऊण भागापर्यंत साधारण १८५ लिटर मावतं. बिलावर दोन चाकांचं मिळून ३७० लिटर लिहिलं होतं. हिरवंगार लिक्विड, ड्रमवर लेबल नाही, पंपाला मीटर नाही. मी शेजारी चहा पीत उभा होतो. त्याने चाक जॅकवर घेतलं आणि व्हॉल्व्ह फिरवून बाजूला, जरा खाली आणला. घड्याळात चार वाजतात त्या जागी. व्हॉल्व्हमधून पाणी परत येऊ लागलं तसा म्हणाला, "झालं, फुल." मला वाटलं, पद्धतच असेल.

पद्धत अशी आहे: व्हॉल्व्ह अगदी वर, बाराच्या जागी ठेवायचा. तिथून पाणी बाहेर येऊ लागलं की टायर पाऊण भरला, वरची जागा हवेला. चाराच्या जागी ठेवून भरलं तर ४० टक्क्यांवरच पाणी परत येतं. सगळी हातचलाखी एवढीच.

महिन्याभरात दोन गोष्टी दिसल्या. १० फेऱ्यांचं अंतर ३१ चं फक्त ३२ झालं होतं. आणि डाव्या रिमवर व्हॉल्व्हच्या भोकाभोवती रंगाला फोड आले होते. नखाने उचकटला तर खाली तांबडा भुगा, कडेला पांढरे खडे. ट्यूब बसवताना कुठेतरी चिमटली होती आणि लिक्विड थेंबथेंब रिमवर झिरपत होतं.

मग चाक उचललं, व्हॉल्व्ह वर आणून पिन दाबली. नुसती हवा. हळूहळू खाली फिरवत गेलो, तो थेट चाराच्या जागी आल्यावर हिरवं पाणी तोंडावर उडालं. (चष्मा लावून करा. चाखून तर अजिबात बघू नका, काही ठिकाणी गाड्यांचं विषारी कूलंटही भरतात.) लिटरची बाटली भरून काट्यावर ठेवली. बाटलीचं वजन वगळून १०५० ग्रॅम. वाटीभर उन्हात सुकवलं तर तळाला पांढरा थर. उरलेल्यात लोखंडी खिळा टाकला, आठवड्यात तो तांबडा झाला. थोडक्यात, पातळ मिठाचं पाणी आणि हिरवा रंग.

हिशेब मांडला. खऱ्या जड लिक्विडने पाऊण भरलेलं चाक असतं तर १८५ लिटरचे २४० किलो मिळाले असते. माझ्या चाकात जेमतेम १०० लिटर, म्हणजे १०५ किलो. अर्ध्याहूनही कमी.

त्याच्याकडे गेलो तर त्याने पान फिरवलं. "दादा, ४० टक्केच भरायचं असतं, कंपनीच सांगते." गंमत म्हणजे हे खोटंही नाही. रेडियल, म्हणजे लवचीक भिंतींच्या टायरला बऱ्याच कंपन्या ४० टक्क्यांच्या वर भरू नका म्हणतात, कारण त्यांच्या बाजूच्या भिंती दबल्या-फुगल्या पाहिजेत. पण माझे टायर रेडियल नाहीत, आणि बिल ४० टक्क्यांचं नव्हतं. बिल दाखवलं तर म्हणे लिटरचा आकडा 'अंदाजे' आहे. भरण्याआधीचा वजनाचा नमुना माझ्याकडे नव्हता, फोटो नव्हता, लिक्विडचं नावसुद्धा बिलावर नव्हतं. पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही.

आता मागच्या दोन्ही चाकांत नवीन ट्यूब आणि साधं पाणी आहे. व्हॉल्व्ह वर ठेवून स्वतः भरलं, बादल्या मोजून. जिथे पाणी गोठत नाही तिथे साध्या पाण्यात काही कमी नाही, लिटरला किलो वजन देतं आणि ट्यूब फुटली तरी रिमला मिठाचा गंज चढत नाही. एक लक्षात ठेवावं लागतं: हवेची जागा कमी असल्याने प्रेशर पटकन चढतं-उतरतं, आणि साधा गेज पाण्याने खराब होतो, म्हणून व्हॉल्व्ह वर आणूनच मोजतो. १० फेरे आता ३४ मीटरवर संपतात.

तो हिरवा माल मात्र अजून ड्रममध्येच शेडमागे पडून आहे. शेतात ओतला तर मिठाने तेवढी जागा जळेल, नाल्यात सोडणं बरं नाही. परवा पुन्हा झाकण उघडून बघितलं, ड्रमच्या कडेलाही गंज धरायला लागलाय.