सुरक्षा समिती सदस्यांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण: पहिला दिवस पाट्या टाकण्याचा, दुसरा कामाचा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील आमच्या कारखान्याच्या सुरक्षा समितीचे सहा सदस्य, म्हणजे तीन कामगार प्रतिनिधी आणि मला धरून व्यवस्थापनाचे तिघे, फेब्रुवारी महिन्यात वर्धा मार्गावरील एका खासगी संस्थेच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आलो. शुल्क माणशी साडेतीन हजार रुपये आणि वर जीएसटी. पैसे वसूल झाले का, असे लेखा विभागाने विचारले तेव्हा एका शब्दात उत्तर देता आले नाही, म्हणून हा सविस्तर अभिप्राय. संस्थेचे नाव मुद्दाम टाळले आहे, कारण मला बोलायचे आहे ते अभ्यासक्रमाविषयी.

आमची समिती अनेक वर्षे कागदोपत्री चालत होती. तीन महिन्यांनी बैठक, मागच्या इतिवृत्तात तारीख बदलून नवे इतिवृत्त, चहा आणि सह्या. कामगार प्रतिनिधी बैठकीत गप्प बसत आणि बाहेर आल्यावर एकमेकांशी बोलत. त्यांच्यापैकी मेंटेनन्समधल्या फिटरभाऊंना मी एकदा याचे कारण विचारले, तर ते म्हणाले, "सांगून का फायदा, साहेब?" त्यामुळे हेल्मेट का घालावे हे शिकवणारा वर्ग आम्हाला नको होता, बैठकीत तोंड कसे उघडावे आणि उघडलेल्या विषयाचा पाठपुरावा कसा करावा, हे शिकवणारा हवा होता.

पहिला दिवस त्या दृष्टीने जवळजवळ वाया गेला. सकाळचे तर्री पोहे उत्तम होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्यानंतर साडेतीन तास पडद्यावर इंग्रजी मजकूर आणि त्याचे मोठ्याने वाचन. आमच्या तीन कामगार प्रतिनिधींपैकी एक छिंदवाड्याकडचे आहेत. त्यांना मराठी समजते, हिंदी बोलता येते, इंग्रजी मात्र वाचता येत नाही. भोपाळच्या 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात सुरक्षा समितीचे कलम आले आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी ठेवणे बंधनकारक झाले, ही गोष्ट खरे तर रंगवून सांगण्यासारखी आहे. ती कलमाच्या क्रमांकासह दोन मिनिटांत संपली. त्याहून खटकले ते असे की 21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झालेली असताना हातात दिलेल्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. कामगार प्रतिनिधींची संख्या मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नये, असे त्या संहितेत म्हटले आहे. समितीच्या सदस्यांना शिकवताना हे वाक्य पहिल्या पानावर हवे होते.

दुपारी अपघातांची छायाचित्रे दाखवली. 17 डिसेंबर 2023 रोजी बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जणांचा जीव गेला आणि पुढे जून 2024 मध्ये धामण्याजवळ पुन्हा स्फोट झाला, हे नागपूरकराला छायाचित्रांतून सांगावे लागत नाही. अशा ठिकाणच्या समितीने कोणते प्रश्न विचारायला हवेत, एका खोलीत एका वेळी किती माणसे आणि किती माल असावा हे कोण ठरवते, यावर चर्चा झाली असती तर तो अर्धा तास सत्कारणी लागला असता.

त्या दिवसातला कामाचा भाग म्हणजे उन्हाळ्यावरचे सत्र. पारा पंचेचाळिशीच्या वर जाणाऱ्या या शहरात आपण खिशात कांदा ठेवून निश्चिंत होतो; येथील डॉक्टरांनी त्याऐवजी पाणी, सावली आणि विश्रांती यांचे वेळापत्रक फळ्यावर मांडले. भट्टीजवळ नवीन लागलेल्या माणसाचे शरीर उष्णतेला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून त्याला पहिल्या दिवशी पूर्ण शिफ्ट देऊ नये, आणि कोणी बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर गाडीची वाट पाहत न बसता आधी त्याचे अंग पाण्याने थंड करायला घ्यावे, हे त्यांनी मराठीत आणि हिंदीतही सांगितले.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक बदलले. हे गृहस्थ निवृत्त सुरक्षा अधिकारी. त्यांनी पडदा लावलाच नाही. सगळ्यांना संस्थेच्या वर्कशॉपमध्ये नेले आणि एका तासात जे चुकीचे दिसेल ते लिहायला सांगितले. आम्ही व्यवस्थापनाच्या लोकांनी लिहिले ते सांडलेले तेल आणि नसलेला गॉगल. फिटरभाऊंनी लिहिले की बेंच ग्राइंडरचे घासणारे चाक आणि घासायचा तुकडा टेकवायचा टेकू यांतील फट बोटभर झाली आहे. ती तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, नाहीतर हातातला तुकडा आत खेचला जातो. नवे चाक चढवण्यापूर्वी हत्याराच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवून पाहतात; निकोप चाक खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते, हेही त्यांनीच करून दाखवले. वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीवर, म्हणजे चेन ब्लॉकवर, भारक्षमतेची पट्टी होती, तपासणीची तारीख मात्र नव्हती. सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा तपासणी करायची असते, हे कळल्यावर आमच्या स्टोअरप्रमुखांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

नंतर खोटी बैठक. कामगार प्रतिनिधींना साहेबांच्या खुर्च्या आणि आम्हाला कामगारांच्या. रिकाम्या थिनरच्या टाकीत माणूस उतरवायचा आहे, हा विषय. मी "टाकीत वास येतो" असे म्हटले आणि समोरून लगेच आले, "मास्क लावा!" आपलेच उत्तर आपल्याला परत मिळाले, की ते किती तोकडे आहे हे उमगते. मास्क हा शेवटचा उपाय. आधी माणूस न उतरवता टाकी धुता येईल का ते पाहायचे. उतरणे अटळच असेल तर प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली नाही ना आणि ज्वलनशील वाफ शिल्लक नाही ना हे मोजायचे, लेखी परमिट घ्यायचे, बाहेर दोर धरून माणूस उभा ठेवायचा. या क्रमाने मागणी मांडली तर साहेबाला "बघू" म्हणून ती टोलवता येत नाही. इतिवृत्तातली प्रत्येक नोंद काय करायचे, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत, अशी लिहायची सवयही येथेच लागली. गंभीर धोका दिसत असेल तर कामगार तो थेट किंवा समिती सदस्यामार्फत मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या लक्षात आणून देऊ शकतो, हा हक्क आम्हा सहांपैकी एकालाही ठाऊक नव्हता. मलाही नाही, आणि मी समितीचा सचिव आहे!

तक्रारी अजून दोन. शेवटच्या परीक्षेची उत्तरे प्रश्नपत्रिका वाटतानाच सांगितली गेली आणि प्रमाणपत्रे आदल्या दिवशीच छापून तयार होती. दुसरे म्हणजे, आमच्याकडे पेंट शॉपमधली निम्मी माणसे ठेकेदाराची आहेत. त्यांचे म्हणणे समितीपुढे कसे आणावे याबद्दल दोन दिवसांत अवाक्षर निघाले नाही.

कुणाला जायचे असेल तर संस्थेला आधी विचारून दुसऱ्या दिवसाचेच सत्र आपल्या कारखान्यात घेता येईल का ते पाहावे, आणि व्यवस्थापन व कामगार यांनी एकत्रच बसावे. मार्चच्या आमच्या बैठकीत फिटरभाऊंनी सात मुद्दे लिहून आणले होते. चार मंजूर झाले, दोन पुढे ढकलले. सातवा चेन ब्लॉकच्या तपासणीचा होता. त्यापुढे स्टोअरप्रमुखांचे नाव आणि 15 एप्रिल ही तारीख लिहिली आहे.