कवळीच्या फसफसणाऱ्या गोळ्या: गुण आहे, पण ब्रश सुटत नाही

सासूबाईंची वरची पूर्ण कवळी. त्यात मधुमेह आणि दम्याचा स्टेरॉइडवाला पंप, म्हणजे बुरशीला आमंत्रणच. कवळी टेकते तेवढाच टाळू लालभडक, कडेला जणू रेघ मारलेली, आणि ओठांचे कोपरे चिरलेले. दुखत फारसं नव्हतं म्हणून त्यांनी अंगावर काढलं. डेंटिस्टने कॅन्डिडा, म्हणजे तोंडातली बुरशी, सांगितला. क्लोट्रिमाझोल या बुरशीच्या औषधाचे थेंब लावले की टाळू निवळायचा, थांबवले की पुन्हा लाल. बुरशीचं खरं बिऱ्हाड कवळीतच होतं. कवळीचं प्लॅस्टिक, म्हणजे अ‍ॅक्रिलिक, वरून गुळगुळीत दिसतं, पण त्याच्या बारीक छिद्रांत ती चिकट थर धरून बसते.

म्हणून या गोळ्या आणल्या. कोमट पाण्यात कवळी बुडवायची, गोळी टाकायची, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवून खळखळून धुवायची. चहाचे डाग फिके पडले, हळदीचा पिवळेपणा थोडा राहिला. वास पहिल्या आठवड्यातच गेला, आणि आम्हाला खरी पावती तीच वाटली.

मात्र फेस बघून फसू नका. गोळीतून काढलेल्या कवळीच्या आतल्या बाजूवर अंगठा फिरवला तर अजून बुळबुळीत लागते. मऊ ब्रश आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब घेऊन घासली की अंगठा कुरकुरतो. तेव्हा ती स्वच्छ. म्हणून आधी घासणं, मग गोळी. टूथपेस्ट नको, तिने ओरखडे पडतात आणि थर तिथेच बसतो. उकळतं पाणी तर अजिबात नको, कवळी वाकडी होते.

सगळ्यात अवघड गेलं ते रात्री कवळी काढून ठेवणं. “अगं, रात्री कोणी आलं तर बसलेलं तोंड घेऊन दार उघडू का?” रात्री अकरानंतर आमच्याकडे कोण येतं, देव जाणे! पण काढायला लागल्या आणि टाळू जो बरा झाला तो टिकला. माझ्या मते निम्मं श्रेय या सवयीचं, थोडं पंपानंतर चूळ भरण्याचं, उरलेलं गोळीचं.

डेंटिस्टने कवळी बुडवायला सोडियम हायपोक्लोराइटचाही (ब्लीचचाही) पर्याय दिला होता: ०.५ टक्के, १० मिनिटांच्या वर नाही. ते बुरशीवर जास्त कडक, पण वासामुळे आम्ही टाळलं. कवळीत धातूची तार किंवा पट्टी असेल तर ते वापरूच नये, धातू गंजतो.

घ्यायच्या आधी घटक वाचा. बऱ्याच गोळ्यांत परसल्फेट हे साफ करणारं रसायन असतं, काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते. गोळीचं पाणी चूळ भरायला नाही, हे घरातल्या विसरभोळ्या माणसांना बजावून सांगा; आम्ही डबीवर मार्करने लिहून ठेवलंय.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पाकिटासाठी. जे सत्तरीच्या माणसांनी वापरायचं, ते संधिवाताच्या बोटांनी फाटत नाही. रोज रात्री कात्री मलाच शोधावी लागते.